करदंट

तीन दिवस ती जिभेनं खालचा दात ढकलत होती,
पुढं, मागं,
धोटा जातो तसा.
"बाबा, हालूलालाय," म्हणायची,
मी म्हणायचो, हालू दे, ओढू नको.
माझी रात्रपाळी. वडगावात चार मागांवर
तुटलेला धागा शोधत फिरणाऱ्या माणसाला
सहा वर्षांच्या तोंडात काय चाललंय
ते सकाळी सातनंतर कळतं.

खिशात धागा कायम असतोच.
जांभळा, काठाचा.
दाताएवढं वळं केलं, विणकराची गाठ मारली,
दुसरं टोक दाराच्या कडीला बांधायचं ठरलं.
शंभीनं तोंड मिटून घेतलं.
डोळे एवढे मोठे.
मी धागा परत खिशात टाकला.

शेवटी ते काम करदंटानं केलं.
तिचा मामा गोकाकहून पुडा घेऊन आला,
ही चावली, आणि थबकली.
हातातल्या तुकड्यात बदाम, खारीक, खोबरं,
आणि तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी
जे दुकानदारानं घातलं नव्हतं.

रक्त थोडंच. ओरडा गल्लीभर.
मी म्हटलं, बघ, नावातच दंत आहे,
करदंट म्हणजे दात काढणारी मिठाई!
भिंतीपलीकडनं गंगव्वा हसली,
"दंत नव्हं ओ, अंटु. अंटु म्हणजे डिंक."
पस्तीस वर्षं खातोय हा पदार्थ
आणि शब्द चुकीच्या जागी तोडत आलोय.

आता प्रश्न छपराचा.
दात कौलावर टाकायचा, उंदराला सांगायचं,
माझा घे, तुझा दे.
आमच्या डोक्यावर दोन वर्षं झाली, स्लॅब आहे.
हप्ते अजून चालू.
वर पाण्याची टाकी, डिश, वाळत घातलेल्या मिरच्या.
"स्लॅबवर उंदीर येत नाही का?"
येत असेल बाई, पण त्याचा पत्ता कौलाखालचा.
आणि कौलं आता फक्त गंगव्वाकडं,
खानापूरची, पाठीवर कारखान्याचं नाव कोरलेली.
कारखाना कधीचा बंद.

"तिचा उंदीर कन्नड असेल," शंभी म्हणाली.
मी म्हटलं, उंदराला काय कळतंय.
तिला ते पटलं नाही.
गंगव्वानं शेणाच्या गोळीत दात बसवला,
उंदराला काय म्हणायचं ते कानात सांगितलं,
"इलीऽ, तगो."
शंभी अंगणात उभी राहिली,
आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये,
दोन्हीकडनं सारखीच हवा गळत होती.

पहिली फेक पन्हळीला लागून खाली आली.
दुसरी गेली.
नेमका करंट गेला होता, गल्लीतले सगळे माग गप्प,
म्हणून ऐकू आलं:
टक्.
मग काही नाही.
आम्ही तिघं वर बघत राहिलो
जणू पावती मिळणार होती.

संध्याकाळी डबा घेऊन निघालो
तर मालकाचा माणूस दारात, सुताचा हिशेब घेऊन.
सहज विचारलं त्यानं, नाव काय गं तुझं?
"थांभवी."
"काय? थांब?"
ती हसली, ते नवं भोक दाखवत,
आणि पुन्हा म्हणाली, जोर देऊन,
"थांभवी!"

मी थांबलो नाही. पाळी आठची असते.

रात्री दोनला धागा तुटला तिसऱ्या मागावर,
खिशात हात घातला
तर बोटाला ते जांभळं वळं लागलं,
गाठ तशीच पक्की,
आत काही नाही.
करंगळीचं टोक घालून बघितलं.
बसत नाही.